झँग, आरसा आणि टोप्यांची फळी

छताचा पिवळा ठरवायला आम्हाला अकरा दिवस लागले. पॅरिसमधल्या ज्या छोट्याशा ऑफिसात मी इंटिरिअरचं काम करते, तिथे एवढ्या दिवसांत अख्ख्या फ्लॅटचे नकाशे होऊन जातात. या बिस्त्रोच्या, म्हणजे साध्याशा छोट्या खाण्यापिण्याच्या दुकानाच्या कामात मात्र रंगारी रोज नवा नमुना लावायचा, मालक मान हलवायचे, मालकीणबाई फोटो काढून संध्याकाळच्या उजेडात पुन्हा येऊन बघायच्या, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. रंगांचे नंबर लक्षात राहीनात म्हणून मी वहीत माझी नावं घातली होती: ताक, बटाट्याचं साल, हळदीचं दूध, जुनं तूप, कोरा चहा. शेवटी 'जुनं तूप' पास झालं.

हा पिवळा काही कोणी हौसेने निवडलेला रंग नव्हता. जुन्या बिस्त्रोंची छतं पांढरीच रंगवलेली असायची. शंभर वर्षांच्या सिगारेटींनी ती पिवळी केली. फ्रान्समध्ये १ जानेवारी २००८ पासून कॅफे-रेस्टॉरंटांत धूम्रपान बंद झालं. म्हणजे त्यानंतर रंगवलेलं छत कधीच तसं होणार नाही. आम्ही धुराचा रंग धुराशिवाय आणायला बसलो होतो, आणि ते मला शेवटपर्यंत थोडं लबाडीचंच वाटत राहिलं.

जागा पॅरिसच्या अकराव्या आराँदिस्माँमध्ये, म्हणजे प्रभागात, बास्तीयच्या मागच्या गल्लीत. हा भाग एकेकाळी ओव्हेर्न्या लोकांचा. मध्य फ्रान्सच्या डोंगराळ ओव्हेर्न्यमधून ही माणसं पोटासाठी पॅरिसला आली. आधी खांद्यावरून मजल्यामजल्यांवर पाणी पोचवायची, मग लाकूड आणि कोळसा विकू लागली, आणि कोळशाच्या दुकानातच एका कोपऱ्यात वाइनचा पेला मिळू लागला. त्यांना 'बून्या' म्हणत. दाराच्या एका बाजूला कोळसा, दुसऱ्या बाजूला वाइन. पॅरिसच्या कितीतरी कॅफे-बिस्त्रोंचं मूळ हे असं काळ्या हातांचं आहे.

आमच्या दुकानाला मात्र १९८०च्या सुमारास कोणीतरी 'मॉडर्न' करून ठेवलं होतं. अॅल्युमिनियमची दर्शनी चौकट, तपकिरी फॉर्मायकाचा काउंटर, हाताला लागेल एवढं खाली आणलेलं फॉल्स सीलिंग, भिंतीला खोट्या विटा. नवे मालक म्हणजे एक जोडपं. तो वीस वर्षं दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांत राबलेला आचारी, ती हिशेबनीस. पहिल्याच भेटीत त्यांनी आमच्यासमोर १४० फोटोंचा फोल्डर उघडला आणि म्हणाले, "आम्हाला खरा बिस्त्रो हवाय." मी फोटो चाळले. त्यातले निम्मे न्यूयॉर्क आणि टोकियोमधले होते.

आमच्या ऑफिसच्या बाई साठीच्या पुढच्या आहेत. त्यांनी फोल्डर बंद केला आणि मला सांगितलं, "पंधरा दिवस रोज वेगळ्या बिस्त्रोत जेवायचं. टेप बरोबर ठेव. आवडलं ते लिहू नकोस, मापं लिही."

आजवर मला मिळालेलं हे सगळ्यात चवदार काम.

टेबलाखाली वाकून टेप लावणाऱ्या बाईकडे पॅरिसचे वेटर फारसं लक्ष देत नाहीत, हेही तेव्हा कळलं. बसायच्या जागेची उंची ४६ सेंटिमीटर, टेबलाची ७३ ते ७५. दोघांचं टेबल ६० बाय ६०, कधी त्याहूनही चिंचोळं. शेजारच्या दोन टेबलांमध्ये २५ सेंटिमीटर, म्हणजे माणूस आडवा होऊनही जाणार नाही. भिंतीकडच्या सलग बाकावर, ज्याला 'बाँकेत' म्हणतात, बसायचं असेल तर वेटर टेबल पुढे ओढतो, तुम्ही आत शिरता, आणि तो टेबल परत ढकलून तुम्हाला जेवण संपेपर्यंत बंदिस्त करून टाकतो. मी कॉलेजात शिकलेल्या प्रमाणांमध्ये हे कुठेच बसत नव्हतं.

फोबूर माँमार्त्र रस्त्यावरच्या 'बुईयाँ शार्तिए'मध्ये तर मी दोनदा गेले. १८९६ सालची ही जागा, स्वस्तात गरम जेवण देण्यासाठी काढलेली. खरं तर बिस्त्रोची चुलत बहीण. तिथे भिंतीत नंबर घातलेले लाकडी खण अजून आहेत. रोजचे गिऱ्हाईक आपला कापडी नॅपकिन त्यात ठेवून जात आणि दुसऱ्या दिवशी तोच वापरत. बिल आजही वेटर टेबलावरच्या कागदावरच लिहितो. वर पितळेच्या नळ्यांच्या फळ्या, टोप्या ठेवायला. मी त्यांचंही माप घेतलं: खोली साधारण २४ सेंटिमीटर. हे माप मला पुढे महागात पडणार होतं.

'बिस्त्रो' या शब्दाची एक गोष्ट पर्यटकांना हमखास सांगितली जाते. १८१४ मध्ये पॅरिसमध्ये शिरलेले रशियन कोझॅक सैनिक "बिस्त्रा, बिस्त्रा", म्हणजे लवकर लवकर, असं ओरडत खायला मागायचे, म्हणून हे नाव. माँमार्त्रच्या चौकात तशी पाटीसुद्धा लावलेली आहे. पण हा शब्द छापील फ्रेंचमध्ये सापडतो तो १८८०च्या दशकात. सत्तर वर्षं तो शब्द कुठे दडी मारून बसला होता, हे पाटी सांगत नाही.

त्याच पंधरवड्यात एका दुपारी बाबांचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. मी फोन फिरवून त्यांना खोली दाखवली: संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीभर आरसे, काउंटरमागे उभा मालक.

"अगं, हे तर कयानी आहे!" बाबा म्हणाले. "फक्त बनमस्का दिसत नाही."

मी हसले, पण रात्री ते डोक्यातून जाईना. मुंबईत शिकताना धोबी तलावच्या कयानी या इराणी कॅफेत (स्थापना १९०४) आम्ही तासन्‌तास बसायचो. गावाकडून परक्या शहरात आलेली माणसं, कोपऱ्यावरचं दुकान, थोडक्या भांडवलात मांडलेला संसार, स्वस्त चहा-पाव. इराणातून आलेले इराणी आणि डोंगरातून आलेले ओव्हेर्न्या यांनी एकमेकांना पाहिलं असण्याचं कारण नाही. पण खुर्ची दोघांनी तीच उचलली. ती व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेटची, १८५९ सालची १४ नंबरची खुर्ची, किंवा तिच्या पुढच्या भावंडांपैकी एखादी. बीच लाकूड वाफेवर मऊ करून साच्यात वाकवायचं. सगळे मिळून सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. सुटी करून भरली तर एका घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावत. जहाजाच्या भाड्याचा हिशेब करणाऱ्याला याहून चांगलं काय मिळणार? आपण आज ज्याला 'लुक' म्हणतो, ती बऱ्याचदा कुणाची तरी काटकसर होती.

बाबांनी आणखी एक प्रश्न विचारला होता: "गल्ला कुठे आहे?" इराण्याचा गल्ला दाराशी असतो. आत येणारा, बाहेर जाणारा, पोरगा चहा कोणाला देतोय, सगळं एका नजरेत. माझ्या आराखड्यात काउंटर मागच्या भिंतीला होता, कारण पाण्याची आणि सांडपाण्याची पाइपलाइन तिथून जात होती. दुसऱ्या दिवशी मी तो खोडला आणि दाराजवळ, डाव्या हाताला घेतला. पाइप सात मीटर लांबवावे लागले. मालकीणबाईंनी खर्चाचा आकडा वाचून चष्मा काढला, पुसला, परत घातला. पण मालकाला मी जमिनीवर खडूने आखलेल्या काउंटरमागे उभं केलं, आणि तो तिथून हललाच नाही.

खडूने आखणं हा आमच्या बाईंचा आग्रह. पाडकाम झाल्यावर ६२ चौरस मीटरच्या त्या रिकाम्या खोलीत आम्ही प्रत्येक टेबल, प्रत्येक खुर्ची जमिनीवर काढली. मग बाईंनी त्यांच्या ओळखीतल्या एका निवृत्त वेटरला बोलावलं. त्याने एका हातात ट्रे, दुसऱ्यावर तीन ताटं घेतली आणि खडूच्या रेषांमधून चालायला लागला. दोन वेळा थांबला. एकदा स्वयंपाकघराच्या दाराशी, कारण आत जाणारा आणि बाहेर येणारा तिथे धडकले असते. आणि एकदा मधल्या टेबलाशी, जिथे मी मोठ्या उदारपणे जागा सोडली होती. "इथे लोक उभे राहून गप्पा मारतील," तो म्हणाला, "आणि मी ओरडत राहीन." आम्ही ती जागा कमी केली.

एक कोपरा मात्र कमी करता आला नाही. जुनं स्वच्छतागृह तळघरात होतं, गोल जिन्याने खाली. २००५च्या कायद्यानंतर सार्वजनिक जागांत व्हीलचेअरवरच्या माणसाची सोय करावी लागते, म्हणजे चाकं वळायला दीड मीटरचं वर्तुळ. ते वर आणलं आणि चार खुर्च्या गेल्या, उरल्या ४६. दर्शनी भागाचं काम ऐतिहासिक इमारतीच्या परिसरात येत असल्यामुळे वारसा खात्याची संमतीही लागली. अॅल्युमिनियम जाऊन लाकूड येणार असल्याने तिथे कोणी फार अडवलं नाही. फक्त दोन्ही बाजूंचे दगडी खांब झाकू नका, एवढंच सांगितलं, आणि ते बरोबरच होतं.

काउंटरला इथे 'ल झँग' म्हणतात, म्हणजे जस्त. पॅरिसची छपरं जस्ताच्या पत्र्याची, तशीच स्वस्तातल्या काउंटरवर जस्ताची चादर मारायची पद्धत होती. पण आज ज्याला लोक कौतुकाने झँग म्हणतात तो पुष्कळदा कथलाचा असतो, आणि आमचाही कथलाचाच. जस्ताला लिंबू आणि वाइन लवकर चावतात. कथील त्या मानाने सोशिक, आणि त्याच्या जाड, गोलाईदार कडा साच्यात ओतून काढता येतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन ताब्यातल्या फ्रान्समध्ये धातू जप्त झाले तेव्हा असे कितीतरी काउंटर उखडून नेले. म्हणून 'अस्सल जुना' म्हणून दाखवला जाणारा काउंटर बऱ्याच ठिकाणी युद्धानंतरचा निघतो.

कारागिराच्या कारखान्यात गेले तेव्हा तो कडेचे तुकडे एकमेकांना जोडत होता. कथील वितळल्याचा तो चकाकणारा थेंब बघितला आणि मी एकदम आमच्या वाड्याच्या दारात पोचले. कल्हईवाला! भाता, नवसागराचा धूर, कापसाच्या बोळ्याने फिरवलेली ती चांदीसारखी लाट. मी त्या माणसाला माझ्या मोडक्या तांत्रिक फ्रेंचमध्ये कल्हई समजावून सांगितली. तो काम थांबवून ऐकत राहिला, मग म्हणाला, "म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे की हे २३२ अंशांना वितळतं. तुमच्या आचाऱ्यालाही सांगा. स्टोव्हवरचा तवा यावर ठेवलात तर मला फोन करा, आणि चेकबुक काढून ठेवा."

काउंटर ४ मीटर २० सेंटिमीटर लांब, उंची ११०, खाली पाय ठेवायला पितळेची नळी. मालकीणबाईंना तो जुना दिसायला हवा होता. ओरखडे, डाग, सगळं मुद्दाम करून. याला मात्र मी ठाम नकार दिला. कथील मऊ असतं. सहा महिन्यांत पेल्यांचे गोल त्यावर आपोआप उमटतात. "मग छत कसं चालतं?" त्यांनी विचारलं. छताला आता धूर मिळणार नाही, काउंटरला पेले मिळणार आहेत, असं मी म्हटलं. त्यांना हे उत्तर पटलं. मला स्वतःला ते पन्नास टक्केच पटलेलं आहे.

फरशीच्या बाबतीत नशीब उघडलं. विनाइलच्या दोन थरांखाली दाराजवळच्या पट्ट्यात जुन्या सिमेंटच्या नक्षीदार फरश्या निघाल्या, राखाडी-काळ्या-विटकरी. साठेक फुटलेल्या, बाकी धडधाकट. अशी फरशी भाजत नाहीत. पितळी साच्याच्या खणांत रंगीत सिमेंटचं पातळ मिश्रण ओततात, साचा उचलतात, मागे कोरडं सिमेंट-वाळू भरून प्रेसखाली दाबतात, आणि मग नुसती पाण्यात मुरवून वाळवतात. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दक्षिण फ्रान्समधल्या विविएर गावाच्या आसपास सुरू झाली, सिमेंटचे कारखाने तिथेच होते म्हणून. आणि १९२२ साली आपल्याकडे उरणला भारत टाइल्सने स्वदेशी म्हणून हीच फरशी करायला घेतली. गिरगावातल्या माझ्या आत्याच्या घरात अशीच होती, उन्हाळ्यात आम्ही तिच्यावर उघड्या पाठीने लोळायचो. फुटलेल्या साठ फरश्यांसाठी नव्या ओतून घेतल्या. नव्या जरा जास्त उजळ दिसतात. दिसू देत.

बाहेरच्या पदपथावरच्या खुर्च्या वेताच्या, पाठीवर दोन रंगांची चौकटी वीण. ती वीण वेताची नसते, प्लॅस्टिकची असते, हे मला माहीत होतं. पण ते प्लॅस्टिक, रिल्सान, एरंडेलापासून करतात हे माहीत नव्हतं, आणि जगात एरंड सगळ्यात जास्त पिकतो तो भारतात, मुख्यतः गुजरातेत. सगळ्यात 'फ्रेंच' समजल्या जाणाऱ्या खुर्चीवर बसून लहानपणी नाक दाबून प्यायलेलं एरंडेल आठवणारी त्या रस्त्यावर मी एकटीच असेन.

चूक माझी झाली ती आरशात. बाँकेतवर बसलेल्याला सगळी खोली दिसते. त्याच्या समोर खुर्चीवर बसलेल्याच्या नशिबी भिंत. म्हणून बाँकेतच्या वर आरसा, म्हणजे दोघांनाही दार, माणसं, रस्ता सगळं मिळतं. आणि ६२ चौरस मीटरची खोली सव्वाशेची दिसते ते वेगळंच. मी आरशाची खालची कड १३० सेंटिमीटरवर घेतली, डोक्यांचे तेलकट डाग पडू नयेत म्हणून. आरसे लागले. बाई आल्या, खुर्चीवर बसल्या आणि मला शेजारी बसवलं.

"काय दिसतं?"

दिवे दिसत होते. बसलेल्या माणसाचे डोळे १२०च्या आसपास असतात. आरसा त्याच्या वर सुरू झाला तर त्यात छताशिवाय काय दिसणार? सगळे आरसे उतरवले, कड ९८वर आणली, आणि वरची बाजू भिंतीपासून चार सेंटिमीटर पुढे झुकवली, म्हणजे नजर खाली, माणसांवर पडते. काउंटरमागेही आरसा आहेच, पण तो मालकासाठी: खोलीकडे पाठ करून कॉफी काढताना कोण हात वर करतंय ते त्यात दिसतं.

फरशी, कथील, आरसे, संगमरवर. एवढ्या कठीण वस्तूंमध्ये आवाजाचं काय होतं हे इराण्याकडे बसलेल्याला सांगायला नको. वर लोक राहतात, त्यामुळे हा प्रश्न सजावटीचा नव्हता, भांडणाचा होता. फॉल्स सीलिंग काढल्यावर वर प्लास्टरची जुनी नक्षी निघाली होती, अगदी कडेकडेने. ती ठेवली, आणि मधला सपाट भाग नऊ सेंटिमीटर खाली घेऊन आवाज अडवणारं दुहेरी छत स्प्रिंगवर टांगलं. 'जुनं तूप' लागलं ते या नव्या कोऱ्या छतावर. शिवाय प्रत्येक टेबलाच्या पोटाशी जाड लोकरी फेल्ट चिकटवलं. कोणालाच दिसत नाही. बाँकेतच्या गर्द लाल रेक्झिनखालचा फोम मालकाने मऊ मागितला होता. बाईंनी घट्ट घ्यायला लावला. मऊ बाकावर बसलेला माणूस जेवताना टेबलाच्या खाली जातो.

बिस्त्रो एका गुरुवारी दुपारी उघडला. गल्लीतले एक आजोबा सगळ्यात आधी आले, काउंटरला टेकले, आणि हात काउंटरखाली घालून काहीतरी चाचपडू लागले. पिशवी अडकवायचा आकडा. जुन्या काउंटरला होता म्हणे. आम्ही विसरलो होतो. संध्याकाळपर्यंत सुताराने सहा आकडे ठोकले.

तिसऱ्या आठवड्यात मालकीणबाईंचा फोन आला. टोप्यांच्या फळीवर आता टोपी कोण ठेवणार? लोक स्कूटरचं हेल्मेट ठेवतात. शार्तिएच्या मापाने केलेल्या २४ सेंटिमीटरच्या फळीवरून आदल्या रात्री एक हेल्मेट गडगडलं, एका बाईंच्या खांद्याला चाटून मांडीवर पडलं आणि तिथून उसळून कांद्याच्या सूपमध्ये गेलं. कोणाला लागलं नाही. सूप बदलून दिलं, वर वाइनही द्यावी लागली.

मी पितळकाम करणाऱ्याकडे गेले. फळी खोल करायची आणि पुढे एक उंच दांडी जोडायची, असं सांगितलं. तो म्हणाला, "टोपी केवढी?" मी ऑफिसमधून आणलेलं हेल्मेट त्याच्या टेबलावर ठेवलं. त्याने ते एकदा फिरवून बघितलं आणि टेप काढली.